गहाळ ग्रंथ अर्धा टक्का : ग्रंथपालाच्या मूल्यमापन-तक्त्यावर भाष्य

भाष्य सूत्रांवर लिहितात, फार तर एखाद्या उपनिषदावर. बढतीच्या फाइलीतल्या तक्त्यावर भाष्य लिहिणे हा तसा आचरटपणाच. पण महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या व्यवसायाची मूल्ये आणि कौशल्ये आपल्याकडे प्रत्यक्षात कुठल्या मजकुराने ठरतात, असे कोणी विचारले तर या तक्त्याकडेच बोट दाखवावे लागते. शियाळी रामामृत रंगनाथन यांची पाच सूत्रे १९३१ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी ती पाठ करतात आणि १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाच्या फलकावर, ती पुन्हा दिसतात. नेमणूक आणि बढती मात्र अवलंबून असते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीतल्या मोजक्या ओळींवर : आधी पात्रतेच्या, मग परिशिष्टातल्या मूल्यमापन-तक्त्याच्या. रंगनाथनांवर भाष्ये भरपूर झाली. या ओळी लोक फक्त भरतात.

वार्तिककाराने तीन गोष्टी पाहाव्यात अशी आपल्याकडची जुनी शिस्त आहे : जे म्हटले आहे ते (उक्त), जे म्हणायचे राहिले ते (अनुक्त), आणि जे चुकीचे म्हटले गेले ते (दुरुक्त). या मजकुरात तिन्ही सापडतात. मूळ इंग्रजी आहे. खाली प्रत्येक ओळीचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे.

ओळ १. ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र किंवा प्रलेखनशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुणांसह.

आज कारकुनी वाटणाऱ्या या अटीमागे मोठी खटपट आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि पुढच्याच वर्षी तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१५ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग घेतला. पुस्तके सांभाळणे हे शिकावे लागणारे काम आहे, हे मान्य करून घेण्यातच एक पिढी गेली. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते, या शास्त्राची कुठलीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आजच्या अटीत त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. हा दाखला देऊन पदवीची चेष्टा करण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो दाखला अर्धवट आहे. नेमणुकीनंतर विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला पाठवले, तिथे त्यांनी सेयर्स यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्लंडातली ग्रंथालये पायाखाली घातली, आणि मग ते आपल्याला माहीत असलेले रंगनाथन झाले.

पदवीत न येणारी गोष्ट वेगळीच आहे. महाविद्यालयाच्या काउंटरवर दहा मिनिटांच्या अंतराने रसायनशास्त्राची संशोधक आणि इतिहासाचा प्राध्यापक येतात. ग्रंथपालाला दोघांचा विषय येण्याची गरज नाही. प्रत्येक विषय आपले ज्ञान कुठे साठवतो आणि किती दिवस वापरतो, हे मात्र ठाऊक हवे. रसायनशास्त्राच्या बाईंना गेल्या महिन्यातला लेख हवा असतो. इतिहासाच्या सरांना मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ सालचा पुणे खंडच हवा असतो, नंतरची आवृत्ती चालत नाही. हे भान नसलेला माणूस निर्लेखनाच्या यादीत वर्षानुसार पुस्तके टाकतो. मग १९९८ च्या संगणक-भाषेच्या क्रमिक पुस्तकाबरोबर गॅझेटियरही रद्दीत जाते, आणि यादीवर सह्या मात्र सगळ्यांच्या असतात.

ओळ २. सातत्याने चांगली शैक्षणिक कारकीर्द आणि ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान.

पहिल्या अर्ध्यावर बोलण्यासारखे काही नाही. दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ मुलाखतीत बहुधा 'कुठले सॉफ्टवेअर येते?' एवढाच होतो. सोल, कोहा, ई-ग्रंथालय, पुण्यात तयार झालेले स्लिम, यांतले एखादे नाव घेतले की काम भागते. सॉफ्टवेअर शिकायला महिना पुरतो. कस लागतो तो त्यात काय भरायचे, याचा.

मराठी महाविद्यालयातले रोजचे उदाहरण घ्या. 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे. दोन्ही नावे एकाच माणसाची. राम गणेश गडकऱ्यांची नाटके एका नावावर, कविता गोविंदाग्रज या नावावर, विनोदी लेखन बाळकराम या नावावर. पहिल्या वर्षाच्या मुलीने ओपॅकवर, म्हणजे संगणकीय तालिकेत, 'शिरवाडकर' टाकले आणि तिला 'विशाखा' दिसली नाही, तर चूक तिची नव्हे. नावांची प्रमाण-नोंद ठेवून पर्यायी नावे तिला जोडून देणे हे तालिकीकरणाचे मूळ कौशल्य आहे आणि ते संगणकाच्या आधीचे आहे. कार्डांच्या काळात 'पाहा' असे लिहिलेले एक जास्तीचे कार्ड घालून जुने ग्रंथपाल ते चोख करत. संगणक आल्यावर उलट घसरण झाली, कारण नोंदी घाईत भरल्या गेल्या. काही रोमन लिपीत, जो तो आपल्या कानाप्रमाणे स्पेलिंग करत. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात, ज्या नव्या यंत्रणेत नेताना अक्षरांचा निव्वळ चिवडा झाला. त्यात मराठी आडनावांची ऱ्हस्व-दीर्घाची गंमत आणि एकाच लेखकाचे कधी पूर्ण नाव तर कधी आद्याक्षरे. मुलाखतीत मला प्रश्न ठरवायला सांगितला तर मी उमेदवारापुढे पंधरा मराठी पुस्तके ठेवीन आणि त्यांच्या नोंदी करायला सांगेन. सॉफ्टवेअर कुठलेही चालेल, कागदही चालेल.

ओळ ३. ग्रंथालयातली नियमित उपस्थिती : अपेक्षित दिवसांपैकी ९० टक्के वा अधिक असल्यास 'चांगली', ८० ते ९० 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. या उपस्थितीत ग्रंथ, नियतकालिके व अहवाल यांची व्यवस्था; संशोधकांना साहित्य शोधून देण्यासारख्या वाचकसेवा; आणि संस्थेच्या संकेतस्थळाला साहाय्य ही कामे अपेक्षित.

इथे दोन वाक्ये एकत्र बांधली आहेत. पहिल्यात टक्केवारी आहे, दुसऱ्यात टक्केवारी नाही. त्यामुळे पहिले मोजले जाते आणि दुसरे गृहीत धरले जाते. उपस्थिती दिवसांत मोजली आहे. ग्रंथालय किती तास उघडे होते, हे विचारलेले नाही. नोकरी करून शिकणारा विद्यार्थी संध्याकाळी सहाला येतो तेव्हा शटर अर्धे खाली आलेले असते, पण ग्रंथपालाची हजेरी शंभर टक्के भरते. ग्रंथालयाची जागा, वेळा, बसायची बाके या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर रंगनाथनांनी पहिल्याच सूत्राखाली पानेच्या पाने खर्च केली, याचे कारण आजही बदललेले नाही.

खरा ऐवज दुसऱ्या वाक्यात, 'साहित्य शोधून देणे' या शब्दांत आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. संशोधक मुलगा येऊन म्हणतो, 'सर, दुष्काळावर काही आहे का?' संगणकात 'दुष्काळ' टाकून आलेली यादी त्याच्या हातात देणे ही सेवा नव्हे. चांगला ग्रंथपाल उलट विचारतो : कुठला दुष्काळ? पिकांचा अभ्यास करायचा आहे की माणसांचा? बोलता बोलता कळते की मुलाच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली होती आणि त्याला रोजगार हमीवर लिहायचे आहे. आता रस्ता बदलतो. रोजगार हमी कायदा १९७७ सालचा, म्हणजे विधिमंडळातल्या चर्चा पाहायला हव्यात. या योजनेवर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकरांनी अभ्यास केला होता, तो पाहायला हवा. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे सत्तरीतले अंक उघडायला हवेत. वि. स. पागे हे नाव या विषयाशी जोडलेले आहे, हे मुलाला सांगायला हवे. यांतल्या कशाच्याही शीर्षकात 'दुष्काळ' हा शब्द असेलच असे नाही.

या संवादात दोन मूल्ये गुंतलेली आहेत आणि ती एकमेकांना खेचतात. एक, वाचकाचा खरा प्रश्न शोधण्यासाठी चौकशी करावी लागते. दोन, त्या चौकशीला मर्यादा असावी लागते. कुठले पुस्तक हवे, हे विचारता येते. कशाला हवे, हे वाचकाने आपणहून सांगितले तरच ऐकायचे. एड्स, घटस्फोट, धर्मांतर, आत्महत्या असे विषय कोणीतरी काउंटरवर पुटपुटत विचारत असतो आणि मागे रांग उभी असते. तिथे 'कशासाठी?' हा शब्द उच्चारला की तो वाचक पुन्हा येत नाही. काउंटरवरच्या परिचराला हे शिकवणे ग्रंथपालाचे काम आहे, कारण पहिला प्रश्न बहुतेक वेळा परिचरालाच विचारला जातो.

ओळ ४. ग्रंथालयीन उपक्रमांवर वा विशिष्ट ग्रंथांवर चर्चासत्रे, कार्यशाळा घेणे : राष्ट्रीय, राज्य व संस्था पातळीवर.

या ओळीने प्लास्टिकच्या फोल्डरांचा आणि प्रमाणपत्रांचा धंदा पोसला. ओळीच्या पोटात 'विशिष्ट ग्रंथांवर' हा चांगला तुकडा आहे. एकच पुस्तक घेऊन चाळीस विद्यार्थ्यांसमोर दोन तास बोलणे त्यात बसते, आणि त्याला ना उद्घाटक लागतो ना शाल-श्रीफळ. पण तो तुकडा फारसा कोणी वापरत नाही.

ओळ ५. संगणकीय नोंदसंच असल्यास सर्व ग्रंथ व नियतकालिके त्यात असणे 'चांगले', ९९ टक्के 'समाधानकारक'. नसल्यास तालिका अद्ययावत असणे.

शंभर आणि नव्व्याण्णव यांतला एक टक्का बारीक वाटतो, पण कुठल्याही जुन्या महाविद्यालयातला सर्वांत मोलाचा ऐवज नेमका त्यातच असतो. दाखल-नोंदवहीत कधीच न चढलेली देणगीची खोकी, निवृत्त प्राध्यापकांचा संग्रह, गावातल्या जुन्या वाड्यातून आलेल्या पोथ्या, बंद पडलेल्या मासिकांचे सुटे अंक. यांना दाखल-अंक नाही, म्हणून ते टक्केवारीच्या छेदात येत नाहीत, म्हणून त्यांच्यावाचूनही शंभर टक्के होतात. एखाद्या अभ्यासकाचा संग्रह आला तर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. विषयानुसार फोडून सगळीकडे वाटला तर पुस्तके वापरली जातात, पण संग्रह नाहीसा होतो. एकत्र ठेवला तर समासातल्या टिपांसह त्या माणसाचे वाचन शाबूत राहते, पण कपाटाला कुलूप लागते. दोन्ही साधायचे तर पुस्तके वाटावीत आणि नोंदीत मूळ मालकाचे नाव शोधता येईल असे घालावे. नोंदीमागे अर्धे मिनिट जास्त लागते.

ओळ ६. ग्रंथपडताळणी व गहाळ ग्रंथांचे प्रमाण : पडताळणी केली आणि गहाळ ग्रंथ ०.५ टक्क्यांहून कमी असल्यास 'चांगले'. १ टक्क्याहून कमी असल्यास 'समाधानकारक'. पडताळणीच न केल्यास, किंवा गहाळ १ टक्का वा अधिक असल्यास 'असमाधानकारक'.

सगळ्या तक्त्याचा कणा ही ओळ आहे, आणि दुरुक्तही हीच.

आधी तिचे गुण. पडताळणी न करणारा थेट नापास होतो, हे उत्तम आहे. वर्षानुवर्षे पडताळणी टाळून आपल्या निवृत्तीच्या दिवशी सगळा गुंता पुढच्याच्या गळ्यात घालायचा, ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. पदभार देण्याघेण्याचे काम महिनोन्महिने रेंगाळते, गहाळ पुस्तकांची वसुली पगारातून होईल अशी धास्ती असते, आणि नवा माणूस सही करायला तयार नसतो. पडताळणी नियमित असती तर यातले निम्मे टळले असते.

आता दोष. अर्धा टक्का, पण कशाचा? ओळ ते सांगत नाही. सर्वसाधारण वाचन असे, की एकूण संग्रहाचा. गहाळ म्हणजे या वर्षी गहाळ, की आजवरचे सगळे, हेही स्पष्ट नाही. आधीच्या तीन ग्रंथपालांच्या कारकिर्दीतले नुकसान आताच्या माणसाच्या माथी बसू शकते. शेजारी केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ ठेवून पाहा. महाविद्यालयांना ते थेट लागू नाहीत, पण त्यांतला नियम २१५ ग्रंथपडताळणीचाच आहे आणि तो लिहिणाऱ्याला ग्रंथालय कळत होते. वीस हजारांपर्यंतच्या संग्रहाची पडताळणी दरवर्षी, वीस ते पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा तरी, त्यापुढे नमुना-पडताळणी. आणि तोटा? वर्षभरात जितके ग्रंथ दिले गेले वा वाचले गेले, त्यांतल्या दर हजारी पाच वाजवी, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांवरचा किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी अटळ.

हजारी पाच म्हणजेही अर्धा टक्काच. पण इथे छेद वापराचा आहे, साठ्याचा नाही. या एका फरकाने काय होते, ते कल्पित आकडे घेऊन पाहू. दोन महाविद्यालये, दोन्हीकडे चाळीस हजार पुस्तके. पहिल्याने कपाटे उघडी ठेवली. वर्षात ५०,००० वेळा पुस्तके दिली-वाचली गेली आणि २५० गहाळ झाली. दुसऱ्याने खिडकीतून चिठ्ठीवर पुस्तक द्यायचे धोरण ठेवले. वर्षाची देवघेव ५,००० आणि गहाळ ६०. आयोगाच्या तक्त्यात पहिला ०.६२५ टक्क्यांवर, म्हणून 'समाधानकारक'. दुसरा ०.१५ टक्क्यांवर, म्हणून 'चांगला'. वित्तीय नियमाने पाहिले तर पहिल्याचा तोटा हजारी पाच, बरोबर मर्यादेत. दुसऱ्याचा हजारी बारा. ज्याच्याकडे पुस्तके कमी फिरली आणि फिरली त्यांतली जास्त गेली, तोच तक्त्यात वर चढला.

म्हणजे ही ओळ ग्रंथपालाला नकळत एक सल्ला देते : कपाटाला कुलूप लाव. मुक्तद्वार पद्धत काय असते, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच दाखवले गेले. बडोद्यात बोर्डेन यांनी, मद्रासला रंगनाथनांनी. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, एक पुस्तक काढताना शेजारचे दिसावे, न मागितलेले हाती लागावे, हा त्यातला लाभ. त्याची किंमत थोडी चोरी आणि बरीच सरमिसळ. ही किंमत मोजायची की नाही हा व्यावसायिक निर्णय आहे आणि तो ग्रंथपालाने निर्भयपणे घ्यायला हवा. स्वतःची बढती पणाला लागलेली असताना तो निर्भयपणे घेतला जाईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. वाचनकक्षाच्या दाराशी दप्तरे काढून घेणारा, संदर्भग्रंथ दोरीने बांधणारा ग्रंथपाल नेहमीच कंजूष स्वभावाचा नसतो. बऱ्याचदा त्याने फक्त नियमावली नीट वाचलेली असते.

आणखी दोन गोष्टी या टक्केवारीत येत नाहीत. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक पडताळणीत 'उपलब्ध' निघते, पण वर्षभर ते वाचकाला मिळालेले नसते. मुक्तद्वारात रोज सकाळी कपाटांतला क्रम तपासणारा परिचर नसेल तर असे ग्रंथ गहाळ ग्रंथांहून जास्त निघतील. आणि ब्लेडने चाळीस पाने कापलेले पुस्तकही पडताळणीत 'उपलब्ध'च असते. बारकोड मुखपृष्ठावर असतो.

गहाळ ग्रंथांची यादी लाजेने दडवण्याऐवजी वाचली तर ती फार बोलते. एकाच कोशाच्या तीन प्रती गेल्या, तर चौथी घ्यायला हवी होती. स्पर्धा परीक्षांची पुस्तके ओळीने गेली, तर त्यांच्या प्रती किंवा देण्याची मुदत चुकली. मागणी कुठे आहे, हे वाचकाने अशा वाईट मार्गाने का होईना, कळवलेले असते. तक्त्याने त्या यादीतला फक्त आकडा घेतला.

ओळ ७. पुढीलपैकी कोणतीही दोन कामे : ग्रंथनोंदींचे डिजिटायझेशन, ग्रंथालय-जाळ्याचा प्रसार, ग्रंथ व इतर साधनांविषयीची माहिती पोहोचवण्याची यंत्रणा, प्रवेश, परीक्षा यांसह प्रशासनात साहाय्य, वाचकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, आयोगमान्य नियतकालिकात किमान एक शोधनिबंध.

इथे यादी संपते, आणि कुठल्याही यादीत होते तसे सोपे ते आधी उचलले जाते. प्रवेशाच्या काळात ग्रंथपाल अर्ज तपासायला आणि परीक्षेत कनिष्ठ पर्यवेक्षक म्हणून जातो. एक काम झाले. त्या दिवसांत ग्रंथालय परिचरावर चालते. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, संस्थेला माणसे कमी असतात.

जाळ्याचा प्रसार म्हणजे काय, याचा अर्थ २०१८ नंतर पालटला. महाविद्यालयांना एन-लिस्ट या योजनेमार्फत ई-साधने मिळत होतीच. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, सरकारी संस्थांसाठी. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला पूर्वी स्वप्नातही न दिसणारे लेख आता उघडता येतात, हे थोर आहे. पण त्या तेरा हजारांत 'नवभारत' नाही, 'समाज प्रबोधन पत्रिका' नाही, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक नाही. मराठी नियतकालिकांची वर्गणी ग्रंथपालालाच, स्वतःच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकातून, दरवर्षी मनीऑर्डरच्या काळासारखा पाठपुरावा करून भरावी लागते. दिल्लीने मोठी खरेदी केली म्हणून प्राचार्य वर्गणीचे शीर्षच कापायला निघतात, तेव्हा तिथे उभे राहून बोलणे हे या ओळीतले सर्वांत अवघड काम.

माहिती पोहोचवण्याच्या यंत्रणेबद्दल एकच सांगतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. निमित्त होते जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक. लेखकाने तिथली साधने वापरली होती आणि संस्थेचे आभार मानले होते. साधन देणारा वाचकाच्या निष्कर्षाला जबाबदार नसतो, हे मूल्य या व्यवसायात इतके मूलभूत मानले जाते की कोणी लिहूनही ठेवत नाही. समाजाला ते मान्य आहे असे मात्र समजू नये. तेव्हापासून काही वाचनालयांत वादग्रस्त पुस्तके 'बाइंडिंगला गेली आहेत' असे उत्तर मिळते. त्यामागची भीती खरी आहे. तरी ज्या ग्रंथपालाने पुस्तक दडवले, त्याने वाचकाच्या वतीने निष्कर्ष काढून टाकला, एवढे नोंदवले पाहिजे.

शेवटचे काम शोधनिबंधाचे. ओळ लिहिली गेली जुलै २०१८ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली होती. त्याआधी मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या, पुण्यातल्या अभ्यासकांच्या पाहणीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्यांतली ८८ टक्के निकृष्ट निघाली. मग २०१९ साली केअर यादी आली. तिचे कामही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि नियतकालिकाची पारख संस्थांनी स्वतः करावी असे ठरले. संस्थेत ही पारख करू शकणारा, त्याच कामाचे शिक्षण घेतलेला माणूस एकच असतो. फसव्या प्रकाशकांची जगप्रसिद्ध यादी करणारे जेफ्री बील हेही अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे ग्रंथपालच होते. इतरांचे निबंध कुठे छापायचे नाहीत, हे ज्याने सांगायचे त्यालाच तक्ता विचारतो, तुझा निबंध कुठे आहे? निबंध लिहू नये असे नाही. पण सहकाऱ्याला फसव्या मासिकापासून वाचवले, त्याचे पैसे आणि अब्रू वाचवली, याला या यादीत जागा असायला हवी होती.

अनुक्त. वाचकाने काय वाचले, याच्या गुप्ततेविषयी तक्त्यात ओळ नाही.

नसलेल्या ओळीवर भाष्य करायचे कारण असे, की वरच्या प्रत्येक ओळीने नोंदी वाढवल्या. कोण आले, किती वाजता, काय नेले, कधी परत केले. १९८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गणित-विज्ञान ग्रंथालयात अमेरिकी तपास यंत्रणेची माणसे परदेशी वाचकांची चौकशी करत आली, तेव्हा ग्रंथपालांनी नकार दिला. नकार द्यायचा असतो, हे त्यांच्या व्यवसायाच्या संहितेत आधीपासून होते. आपल्याकडे पोलीसच यायला हवेत असे नाही. विभागप्रमुख सहज विचारतात, अमुक मुलगा हल्ली काय वाचतो? पालक विचारतात, मुलगी खरेच ग्रंथालयात येते का? काउंटरवरचा माणूस स्क्रीन फिरवून दाखवतो, आणि आपण काही गैर केले असे त्याला वाटतही नाही.

उपाय फारसे कठीण नाहीत. पुस्तक परत आले, तपासले, दंड चुकता झाला, की वाचकाचे नाव त्या नोंदीला चिकटून राहण्याचे प्रयोजन संपते. पाने फाटल्याची तक्रार येते म्हणून शेवटच्या वाचकापुरते ते ठेवावे, त्यामागचे तोडावे. कोहामध्ये जुनी देवघेव निनावी करण्याची सोय आहे. प्रयोजन संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, ही दिशा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आहे. नॅकच्या अहवालासाठी रोजची वाचकसंख्या लागते, ती नावांशिवाय काढता येते. तरी पुरावा म्हणून प्रवेश-नोंदवहीच्या पानांच्या प्रती जोडल्या जातात, नाव, वर्ग, वेळ, सही यांसकट, आणि अहवालाबरोबर त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जातात. अशी पाने आजही उघडून पाहता येतात. प्रत काढण्याआधी नावांच्या रकान्यावर कोरी पट्टी ठेवली तरी वाचकसंख्या तितकीच भरते.